खिडकीपासून दुसरी जागा

अण्णा, तुमच्या तेराव्याला मी आले होते आणि पोटभर जेवले. होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी, दोनदा वाढून घेतली, वर तूपही मागून घेतलं. शेजारच्या बाईंना वाटलं असेल, कोण ही हावरी. वाटू दे. जेवणं झाल्यावर तुमच्या ओसरीवर लोक पान खात तुमच्याबद्दल बोलत बसले. देवमाणूस, शिस्तीचा माणूस, आयुष्यात कोणाला दुखावलं नाही. हे शेवटचं ऐकलं तेव्हा माझ्या घशात सुपारी अडकली. मी उठले, चपला घातल्या आणि बसस्टॉपपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत गेले.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमच्याबद्दल बोलतच नाहीये, तुमच्याशी बोलतेय. आणि गेलेल्या माणसाशी भांडण्यात एक सोय आहे, तो मध्येच उठून राउंडला जात नाही. कारखान्यात तुम्ही नेहमी तेच करायचात. प्रश्न अंगावर आला की पेन खिशाला लावून राउंडला. आता कुठे जाल? बसा आणि ऐका.

मी कारखान्यात आले तेव्हा अडतीस वर्षांची होते. यजमानांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरात तीन मुलं, आणि आम्ही बेळगावकडची माणसं, या बेंगळुरात हाक मारावी असं जवळचं कोणी नाही. विजेच्या मीटरच्या कॉइल गुंडाळायला बायका घेतात असं कळलं म्हणून आले. तुम्ही वाइंडिंग सेक्शनचे सुपरवायझर. तुमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, घरात मराठी आणि तोंडात निम्मं कन्नड. मी मराठीत बोलले तर तुमचा चेहरा जरा सैल होईल असं वाटलं होतं. झाला नाही. तुम्ही वय विचारलंत. मी सांगितलं आणि ओशाळून म्हणाले, "मला जरा उशीरच झालाय."

"कशाला उशीर? बाहेरचं वय बाहेर ठेवा, इंदिराबाई. इथलं तुमचं वय आजपासनं सुरू. सरी?"

तुमचं ते 'सरी', म्हणजे ठीक ना, ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू. त्या वर्षभरात मला माझ्या वयाबद्दल सगळ्यांनी काही ना काही ऐकवलं होतं. नव्यानं काही करायला म्हातारी आणि बाहेर पडायला तरुण, असं एकाच तोंडानं. तुम्ही ते सगळं एका वाक्यात पुसलंत. ते बरं वाटणं मात्र अर्ध्या तासाच्या वर टिकलं नाही, कारण मग तुम्ही मला बाकावर बसवलंत.

तो बाक तुम्हाला ठाऊक आहे, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. भिंतीपासून खिडकीपर्यंत लांबलचक. केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळायची, तुटली की पुन्हा पहिल्यापासून. असल्या कामात उजेड म्हणजे अर्धं काम. आणि तुमची रीत अशी की बसायचं नोकरीला लागल्याच्या क्रमानं. जी आधी आली ती खिडकीकडे, जी मागून आली ती भिंतीकडे. आधी आलेलीला मागून आलेलीनं अक्का म्हणायचं, मग ती कालपरवाच शाळेतून बाहेर पडलेली का असेना. दुसऱ्या कुठल्याच सेक्शनमध्ये ही रीत नव्हती. तुमच्या डोक्यातून निघालेली आणि तुम्ही हट्टानं चालवलेली.

म्हणून मी, तीन मुलांची आई, आनेकलहून बसनं येणाऱ्या एकोणीस वर्षांच्या सरोजाला अक्का म्हणू लागले. तिची आई माझ्याहून लहान होती. पहिल्या दिवशी तो शब्द तोंडातून निघेना. तुम्ही माझ्या पाठीमागे हाताची घडी घालून उभे राहिलात, तो निघेपर्यंत. बिचारी सरोजा माझ्याहून जास्त लाजली.

आपलं भांडण त्याच आठवड्यात सुरू झालं. मी विचारलं, इतकी वर्षं घर चालवलं, दुखणी काढली, मुलांना वाढवलं, एका घासाचे चार घास केले, हे काय सगळं फुकट?

"फुकट कोण म्हणतंय?" तुम्ही म्हणालात. "ते घरचं वय. घरी चालतं. तारेला ते कळत नाही."

"तारेला नसेल. माणसाला कळायला काय झालं?"

त्यावर तुम्ही राउंडला गेलात.

पण खोटं कशाला बोलू, त्याच रीतीनं मला एक गोष्ट दिली. दसऱ्याची माझी पहिली आयुधपूजा आली. यंत्रं पुसून झाली, झेंडूच्या माळा आल्या, चुरमुरे आणि फुटाण्यांची पाकिटं आली. सगळ्या बायका क्रमानं पुढे होऊन आपापल्या यंत्राला हळदकुंकू लावत होत्या. मी आपणहून मागे सरकून उभी राहिले. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही हे मला कोणी शिकवायला नको होतं. दोघीतिघी कुजबुजल्याही. तुम्ही रांगेकडे बघून म्हणालात, "अजून एक यंत्र राहिलंय. कुणाचं ते?" मी नकारार्थी मान हलवली. तुम्ही करंडा माझ्यापुढे धरलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "इथं पहिली आणि शेवटची एवढंच बघतात. बाकी काही बघत नाहीत. लावा, उशीर होतोय."

मी कुंकू लावलं. यंत्राच्या कपाळावर लावायचं ते सगळं त्याच्या मुठीला लागलं. घरी आल्यावर बोटांवरचा लाल रंग बराच वेळ धुतला नाही. त्या दिवशी मला तुमची रीत समजली. तिच्यात माझे संसाराचे कष्ट मोजले जात नव्हते, पण माझं कपाळही मोजलं जात नव्हतं. मी तुमच्यावर पहिला विश्वास टाकला तो तिथे. आज राग येतो तो ह्या विश्वासाचाच जास्त.

पुढे दर आयुधपूजेला कोणी लग्न होऊन गेली, कोणी सोडून गेली, की आमच्या जागा सरकत. मी भिंतीपासून निघाले. अंधाऱ्या टोकाला काम शिकले होते, त्यामुळे उजेडाकडे सरकत गेले तसा हात असा काही बसला की तार तुटेना. माझ्यामागून आलेल्या मुली मला अक्का म्हणू लागल्या. काही माझ्याच वयाच्या होत्या, एक तर मोठीही होती, तीही म्हणायची. मला गंमत वाटायची. बाहेर रस्त्यावर मी चाळिशी उलटलेली बाई आणि फाटकातून आत आलं की सहा वर्षांची, सात वर्षांची. शेवटी मी खिडकीपासून दुसऱ्या जागेवर आले. खिडकीत सरोजा होती, तिचं लग्न ठरलं होतं. पुढच्या दसऱ्याला खिडकी माझी.

आणि त्याच वर्षी बाहेरून नवे मॅनेजर आले. बोर्डावर नोटीस लागली. पंचेचाळीस उलटलेल्या बायकांना बारीक कामावर ठेवायचं नाही, त्यांची नजर जाते, त्यांनी पॅकिंगमध्ये जावं. खाली एक ओळ होती. सुपरवायझरनं मॅनेजरसमोर त्या बाईची कॉइल भिंगाखाली तपासून चांगली असल्याचं दाखवलं, तर तिला राहता येईल.

ती ओळ वाचून मी हसले होते, अण्णा. मनात म्हटलं, ह्या नव्या साहेबाला आमचे अण्णा ठाऊक नाहीत. बाहेरचं वय बाहेर, हे नऊ वर्षं आमच्या डोक्यात ठोकणारा माणूस आहे तो. मला वाटलं, तुम्ही नोटिशीखाली उभे राहून भांडाल. निदान माझी कॉइल घेऊन त्यांच्यापुढे जाल.

दुसऱ्या दिवशी मी एक कॉइल गुंडाळली. आयुष्यात तशी आधी गुंडाळली नव्हती. ती तुमच्या टेबलावर ठेवली, शेजारी भिंग ठेवलं. तुम्ही कॉइल उचललीत, तिच्यावरून अंगठा फिरवलात, एकदा सुलट आणि एकदा उलट. मग खाली ठेवलीत. भिंगाला हातही लावला नाही.

"बघा ना," मी म्हणाले.

"बघितली."

"मग चला साहेबांकडे."

"नियम आहे, इंदिराबाई. तुमचं सत्तेचाळीस चालू आहे."

"माझं नववं चालू आहे. तुम्हीच मोजलंय."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "पॅकिंगचं काम वाईट नाही. आरामाचं आहे. स्वल्प समजून घ्या." आणि पेन खिशाला लावून राउंडला गेलात.

पॅकिंगच्या हॉलला चारी बाजूंनी खिडक्या होत्या. तिथे उजेडाचं काहीच काम नव्हतं. खोक्यात पेंढा घालायचा, पेंढ्यात मीटर ठेवायचा, वर पुन्हा पेंढा. पहिल्याच दिवशी तिथल्या पोरींनी मला अज्जी म्हणून हाक मारली. प्रेमानंच मारली, त्यांचा दोष नाही. पण सकाळी हजेरी लावताना मी नऊ वर्षांची होते आणि दुपारच्या चहाला आजी झाले होते. घरी येऊन आरशात बघितलं. तोंड कालचंच होतं. हात कालचेच होते. फक्त तुमचं मोजमाप बदललं होतं.

तेव्हापासून मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही रिटायर झालात तेव्हा हार घालायला सगळा कारखाना आला, मी पेंढा भरत बसले. पंचावन्न भरली म्हणून तुम्हालाही घरी पाठवलं, ह्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. म्हटलं, बघा आता, बाहेरचं वय कसं आत येतं ते.

पुढचा उन्हाळा फार तापला. बेंगळुरात पंखा कशाला, असं सगळे म्हणत असताना माझ्या थोरल्यानं पहिल्या पगारात टेबलफॅन घेतला होता. तो जळला. मी तो पिशवीत घालून शिवाजीनगरला गेले, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका दुकानात. मालक रहीम म्हणून, पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा. त्यानं पंखा उघडला आणि आत हाक मारली. आतल्या अंधारात भिंतीला टेकून बसलेला माणूस म्हणाला, "आलो, अण्णा."

आवाजावरून ओळखलं तुम्हाला. खाकी चड्डी, अंगात बनियन, बोटांना वार्निश. कोणीही न सांगता तुम्ही सगळ्यात शेवटच्या जागी बसला होतात आणि मुलाच्या वयाच्या मालकाला अण्णा म्हणत होतात. रहीम मला म्हणाला, "बाहेर उजेडात बसा म्हणून किती सांगतो, ऐकत नाहीत. नवा माणूस भिंतीकडेच बसतो म्हणतात." मला हसू फुटलं, अगदी मोठ्यानं. बरं झालं, असं वाटलं. आपल्या रीतीनं आपलंच पाणी जोखतोय म्हातारा.

 पंख्याची कॉइल मांडीवर घेतलीत आणि तुटलेल्या तारेचं टोक शोधू लागलात. मी समोर उभी होते. टोक तिथेच होतं, वर आलेलं, वरच्या दिव्यात चमकत होतं. तुमचं बोट त्याच्या बाजूनं गेलं. परत आलं. पुन्हा बाजूनं गेलं. तुमचे डोळे कॉइलकडेच होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं. मीटरच्या तारेहून ती तार किती जाड, तरी दिसत नव्हती.

मी वाकून टोक चिमटीत धरलं आणि तुमच्या बोटांत दिलं.

तेव्हा मला सगळं कळलं. तो अंगठा, ते न उचललेलं भिंग. बोर्डावरची नोटीस तुम्ही सरोजाला वाचायला लावायचात ते, आणि कॉइल तपासायला नेहमी तिच्याच खिडकीशी जायचात ते. आम्हाला वाटायचं, अण्णांचा हात इतका मुरलाय की त्यांना बघावंही लागत नाही. भिंगाखाली माझी कॉइल दाखवायला साहेबासमोर उभं राहायचं होतं ते तुम्हाला. माझी परीक्षा नव्हतीच ती, तुमची होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

तुम्ही तार सोडवत राहिलात. "तुम्ही मधल्या जागांवर होता तेव्हापासनं," तुम्ही म्हणालात. "साहेबाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर."

"आणि माझी कॉइल?"

तेवढ्यात रहीमनं वार्निशचा डबा मागितला. तुम्ही उठलात. तिथेही राउंड सापडलाच तुम्हाला.

पंखा घेऊन निघाले तेव्हा तुम्ही दुकानाच्या पायरीपर्यंत आलात. नऊ वर्षं तुम्ही मला इंदिराबाई म्हणालात. त्या दिवशी म्हणालात, "सरी अक्का, जपून न्या." मी वळून बघितलं नाही. एवढ्या एका हाकेवर मी विरघळावं असं वाटलं होतं का तुम्हाला? आणि विरघळलेच असते, तर माझी जागा परत मिळणार होती का? सरोजाचं लग्न झालं आणि खिडकीत आता कोणी तिसरीच बसते. तिला सहा महिन्यांत चष्मा लागला म्हणे. तिला पॅकिंगला कोणी पाठवत नाही, तिचं वय कमी आहे.

मला काय छळतं ते सांगते. तुम्ही नुसता विश्वास ठेवला असता तर? मला बाजूला घेऊन म्हणाला असता, इंदिराबाई, मला दिसत नाही, तर मी कोणाला सांगितलं असतं? मी तुमच्या शेजारी उभी राहिले असते. भिंगाला तुम्ही डोळा लावला असता आणि काय दिसतंय ते मी हळूच बोलले असते तर साहेबाला काय कळणार होतं? सरोजानं इतकी वर्षं केलंच ना. ती पोर तुमचं गुपित सांभाळू शकते आणि मी नाही? तुमची शेवटची दोन वर्षं वाचवायला तुम्ही माझी उरलेली सगळी दिलीत. कारण असेल. मुलीचं लग्न असेल, डोक्यावर छप्पर असेल. माझ्याही घरी मुली होत्या, अण्णा.

परवा जेवण झाल्यावर तुमच्या बायकोनं, जानक्कांनी, माझा हात धरला. म्हणाल्या, "तुमचं फार सांगायचे. म्हणायचे, डोळे झाकून अंगठा फिरवला तरी कळायचं, ही इंदिराबाईंची कॉइल. असा हात पुन्हा बघितला नाही म्हणायचे." त्यांना वाटलं मला बरं वाटेल. माझ्या अंगाची आग झाली. म्हणजे त्या दिवशी टेबलाशी तुम्हाला कळलं होतं. डोळ्यांनी नाही तरी अंगठ्यानं पुरतं कळलं होतं. आणि ते तुम्ही सांगितलंत कोणाला, तर बायकोला, घरी, जेवताना. घरचं बोलणं घरी चालतं, अण्णा. मला ते बाकावर हवं होतं.

हे सगळं मी तुम्हाला त्या दुकानात येऊन सांगणार होते. दर महिन्याला म्हणायचे, ह्या महिन्यात जाऊ. पंखा पुन्हा बिघडला असता तर गेलेही असते. पण तुम्ही गुंडाळलेली कॉइल, ती कशाला बिघडते. अजून चालतोय. ह्या कडक उन्हाळ्यात रोज दुपारी त्याच्यासमोर बसते आणि तुम्हाला शिव्या देते, आणि वारं लागतं ते तुमच्या हातचं. तुमची बातमी आली तेव्हाही मी त्याच्यासमोरच होते. उठून तो बंद केला. का केला माहीत नाही. मग खूप रडले, मुलीनं विचारलं तर उकडतंय म्हणून सांगितलं.

आता एक शेवटचं. तुमचं वय थांबलं. माझं चालू आहे. अजून थोडी वर्षं गेली की जन्माच्या हिशेबानंही मी तुमच्याहून मोठी होईन. बाकाच्या हिशेबानं तर तुम्ही स्वतःच्या तोंडानं मला अक्का म्हणून गेला आहात. मी तिकडे येईन तेव्हा कुठल्याही मापानं धाकटी नसेन. पण तुमचा काही भरवसा नाही. तुम्ही आधी पोचलात म्हणून पुन्हा तीच रीत काढाल, खिडकीत जाऊन बसाल आणि मला भिंत दाखवाल.

ते चालणार नाही. उजेडाचं काम मला आहे. मी आले की उठा आणि सरका.